उतू गेलं पाहिजे

चेन्नईची दिवाळी पावसाळी असते. पहाटे डोक्यावरून तेल, कढत पाण्याची अंघोळ, भेटेल त्याला ‘गंगास्नानम् आच्चा?’ हा प्रश्न, फराळाचं पचावं म्हणून बोटभर तिखट-गोड लेहियम, आणि फटाके घेऊन बाहेर पडताना आभाळाकडे एक नजर. शहरात वर्षाकाठी साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला साठेक टक्के ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्येकडून येतो. १ डिसेंबर २०१५चा महापूर आणि डिसेंबर २०२३मधलं मिचाँग वादळ, दोन्ही याच दिवसांतली. आपल्याकडे खळं उरकून शेतकरी जरा टेकलेला असतो, तेव्हा कावेरीच्या खोऱ्यातला शेतकरी गुडघाभर चिखलात उभा असतो. त्याचं ‘सांबा’ भात ऑगस्ट-सप्टेंबरात पेरलेलं असतं, कापणी जानेवारी-फेब्रुवारीत. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायचा प्रघात आहे. त्या पाण्यावर येणारं ‘कुरुवै’ हे हळवं पीक दिवाळीच्या आगेमागे घरात येतं खरं, पण सण त्याचा नाही. सण सांबाचा. तो तै महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराला येतो आणि त्याचं नाव पोंगल.

सूर्य तोच, संक्रमणही तेच, पण संक्रांत हा आपला कापणीचा सण नव्हे. आपलं खरिपाचं धान्य दसरा-दिवाळीतच घरी येतं. संक्रांतीला शेतात असतो तो रब्बीचा हिरवा माल: हुरड्यावर आलेली ज्वारी, सोलाण्याचा हरभरा, गाजरं, पावटे, बोरं, ऊस. म्हणून आपले सुगीचे विधी वर्षभर विखुरलेले आहेत. घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून त्यात धान्य पेरायचं आणि दसऱ्याला ते पिवळसर कोंब टोपीत खोवून सीमोल्लंघनाला जायचं. कोकणात आश्विन पौर्णिमेच्या सुमाराला भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं एकत्र गुंफून ‘नवं’ दाराला बांधायचं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला शेतात कडब्याची कोप करून आंबील, भज्जी आणि उंडे खायचे. बैलांचा पोळा तर श्रावण-भाद्रपदातच होऊन गेलेला. तमिळ घराने यातलं बरंचसं चार दिवसांत बसवलं आहे: भोगी, तै पोंगल, माट्टु पोंगल आणि काणुम पोंगल. कचरा जाळणं, नवं धान्य शिजवणं, गुरांना मान देणं आणि माणसांना भेटणं. एवढी चार कामं, आणि त्यांतल्या एकालाही भटजी लागत नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. म्हणूनच हा लेख शेताबद्दल नसून एक कोटीच्या आसपास वस्तीच्या महानगरातल्या स्वयंपाकघरांबद्दल आहे.

*

गेल्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंड-अमेरिकेत काही मंडळी ख्रिस्तपूर्व निसर्गपूजा पुन्हा घरात आणायचा प्रयत्न करताहेत. त्यांनी वर्षाचं एक चक्र आखलं आहे, त्यात आठ सण. १ ऑगस्टला नव्या गव्हाचा पाव भाजायचा. सप्टेंबरात दिवस-रात्र समान झाले की टेबलावर सफरचंदं, मक्याची कणसं आणि भोपळे मांडायचे. या सणाचं ‘मेबन’ हे नाव एडन केली या अमेरिकन माणसाने १९७०च्या दशकात दिलं. गव्हाच्या काड्यांची वेणी घालून बाहुली करायची, कारण शेवटच्या पेंढीत पिकाचा जीव दडलेला असतो अशी युरोपातल्या खेड्यांची जुनी समजूत. मला त्यांची थट्टा करायची नाही. ज्यांच्या हातून धागा तुटला त्यांना तो पुस्तकात बघूनच जोडावा लागतो. पण पुस्तक उघडून ‘घरच्या घरी सुगी साजरी करण्याचे सोपे विधी’ शोधावे लागणं, आणि भाजीवालीने न विचारता हळदीचं रोप पिशवीत कोंबणं, यात मोठंच अंतर आहे.

चेन्नईत ते भाजीवालीचं काम मुळात कोयंबेडू करतं. १९९६ साली सुरू झालेला हा घाऊक बाजार एरवी शहराची भाजी, फळं आणि फुलं पुरवतो. पोंगलच्या आधी काही दिवस त्याच्या आवारात एक वेगळाच बाजार उभा राहतो. त्यात तीनच गोष्टींचं राज्य असतं: ऊस, हळद आणि आलं. ऊस साखर कारखान्याचा पांढरा नव्हे, तर चघळायचा जाड काळा-जांभळा, शेंड्याच्या पात्यांसकट. वीस-वीसाच्या मोळ्या बांधून तो मदुराई, कडलूर, सेलमकडून ट्रकांनी येतो. हळद येते ती मुळापासून उपटलेली: खाली मातीने माखलेला ओला कंद, वर हातभर लांब पानं. आल्याचंही तसंच. हे सगळं रात्रीतून गल्लोगल्ली पसरतं आणि सकाळी नाक्यावर, देवळासमोर, रेल्वे स्टेशनच्या जिन्याखाली दिसू लागतं. मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाने आठ फुटी ऊस उभा धरलाय आणि शेंड्याची पानं मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडात जाताहेत, हे त्या दोन दिवसांचं ठरलेलं दृश्य.

पीक शहरात धान्य म्हणून येतं तेव्हा ते पोत्यात असतं, लेबल लावलेलं. इथे ते झाड म्हणून येतं. हळदीला पानं असतात आणि ती पानं एवढी मोठी असतात, हे चेन्नईतल्या पुष्कळ मुलांना पोंगलमुळेच कळतं. सुगीच्या विधीने शहरातल्या घरासाठी काय करावं असं कुणी मला विचारलं, तर माझं उत्तर एवढंच असेल: वर्षातून एकदा मुळासकट काहीतरी घरात आणावं.

*

पहिला दिवस भोगीचा, मार्गळी महिन्याचा शेवटचा. महिनाभर दारापुढे पहाटे तांदळाच्या पिठाचं कोलम पडत आलेलं असतं. जुन्या वस्तीत अजूनही त्या कोलमच्या मध्यावर शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवतात. ते गोळे थापून-वाळवून पोंगलच्या चुलीला वापरायचे, असा त्यामागचा हिशेब. आता बहुतेक दारांत शेण नसतं, पीठही नसतं, रांगोळीची पूड असते आणि कित्येक दारांत तर बारमाही स्टिकर चिकटवलेला. मैलापूरच्या माडा रस्त्यावर मात्र जानेवारीतल्या मैलापूर महोत्सवात कोलमच्या स्पर्धा होतात आणि ठिपके मोजत रस्त्यावर बसलेल्या बायकांभोवती बघ्यांची गर्दी होते.

भोगीच्या पहाटे जुनं जाळायचं. फाटक्या चटया, झिजलेले खराटे, जुन्या टोपल्या. पोरं लहान डफासारखं एक वाद्य बडवत शेकोटीभोवती नाचतात. हे ‘भोगी मेळम्’ त्या आठवड्यात फुटपाथवर ढिगाने विकायला असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मागमूस राहत नाही. घरातलं जुनं जोवर गवत, बांबू आणि ताडपत्र होतं तोवर हा विधी निर्धोक होता. पुढे जुन्यात प्लास्टिक आलं, सायकलचे टायर आले, गाद्यांचा फोम आला. जानेवारीची पहाट, धुकं, वारा पडलेला आणि त्यात लाखो घरांचा धूर. २०१८ साली भोगीच्या सकाळी चेन्नई विमानतळावर दिसेनासं झालं. विमानं खोळंबली, काही दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. दरवर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळ टायर-प्लास्टिक जाळू नका म्हणून बजावतं. अलीकडे महापालिकाही भोगीच्या आधी घरोघरचं जुनं सामान गोळा करायला गाड्या फिरवते. मला हा उपाय धाक घालण्यापेक्षा पुष्कळ शहाणपणाचा वाटतो. जुनं बाहेर काढण्याची खाज खरी आहे आणि ती भागलीच पाहिजे. जाळायचीच असेल तर एक केरसुणी पुरते.

आपली भोगी धुराची नाही, खाण्याची. तिळाची पेरणी केलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, तिळाचं कूट असं जे-जे शेतात आहे ते सगळं घालून केलेली लेकुरवाळी भाजी. तमिळ घरात ही भाजी एक दिवस उशिरा येते. पोंगलच्या पानात लाल भोपळा, रताळं, सुरण, कच्चं केळं, घेवडा यांचं एकत्र कूट्टु असतं आणि त्यात ‘मोच्चै’ हवीच. मोच्चै म्हणजे आपल्या पावट्याच्याच कुळातला दाणा. पौषात दोन्ही राज्यांत तो शेंगांत भरतो आणि दोन्ही राज्यांतल्या बायका शेंगा सोलत बसतात. आपली भोगीची मुगाची खिचडी आणि त्यांचं मिरं-जिऱ्याचं, तुपाने ओथंबलेलं वेण पोंगल यांच्यात तर हळदीपुरतंच काय ते अंतर.

*

आता भांड्याकडे.

तै महिन्याच्या पहिल्या सकाळी, शक्यतो उघड्यावर, सूर्य दिसेल अशा जागी चूल मांडायची. तीन विटा चालतात. मडकं नवं, पोंगलच्या आधी कुंभार रंगवलेली मडकी घेऊन रस्त्याकडेला बसतात. मातीचं नको असेल तर कुंभकोणम-तंजावुरकडची जाड बुडाची पितळी किंवा काशाची हंडी. मडक्याच्या गळ्याला ओल्या हळदीचं आणि आल्याचं रोप पानांसकट बांधायचं, अंगाला हळद-कुंकवाचे पट्टे ओढायचे. मागे दोन ऊस उभे करून त्यांचे शेंडे एकमेकांना टेकवायचे, म्हणजे मखर झालं. जमिनीवर कोलम, त्यात सूर्य काढलेला. केळीच्या पानावर नवे तांदूळ, गूळ, नारळ, केळी, विडा. झाली पूजेची तयारी. मूर्ती नाही, कारण देव समोर आभाळात आहे.

मडक्यात आधी दूध आणि तांदळाचं दुसरं धुवण. ते तापायला लागलं की घरातलं सगळं माणूस चुलीभोवती जमतं. फेस चढतो, काठावर येतो, मडक्याच्या अंगावरून ओघळतो, आणि त्याच क्षणी सगळे ओरडतात: ‘पोंगलो पोंगल!’ कुणी थाळी वाजवतं, कुणी शंख फुंकतं, खेड्याकडच्या बायका जीभ हलवून ‘कुलवै’चा लांब स्वर काढतात. फेस कोणत्या दिशेला सांडला ते म्हातारी माणसं बघून ठेवतात. पूर्वेला किंवा उत्तरेला सांडला तर वर्ष चांगलं. मग धुतलेले तांदूळ आणि मूगडाळ आत जातात. शिजत आलं की गूळ, वरून तूप, काजू, बेदाणे, वेलची आणि कणभर भीमसेनी कापूर. याचं नाव सक्करै पोंगल. तांदूळ ‘पच्चरिसि’ म्हणजे न उकडलेला हवा. रोजच्या भाताचा उकडा चालत नाही.

विधीचा प्राण आहे तो सांडण्यात. एरवी दूध उतू गेलं की घरात कुणाच्या तरी नावाने शंख होतो. श्रावणातल्या कहाण्या शेवटी ज्या तीन गोष्टी करू नका म्हणून बजावतात, त्यातली पहिली हीच. आणि तरी आपणही वर्षातून एकदा मुद्दाम उतू घालवतो. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवायचं, पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढायचा, दूध उतू जाऊ द्यायचं आणि ते कुठल्या दिशेला गेलं ते बघायचं. हा पोंगलच आहे, फक्त काही आठवडे उशिराचा आणि भाताशिवायचा. आपण त्याला माघ शुद्ध सप्तमीच्या तिथीला बांधला, त्यांनी संक्रमणाला. आपल्याकडे मात्र रथसप्तमी म्हटलं की हळदी-कुंकवाचा शेवटचा दिवस आणि शाळेतले सामुदायिक सूर्यनमस्कार एवढंच पुष्कळांना आठवतं. गोवऱ्यांवरचं दूध आजीबरोबर गेलं. तमिळ घरातलं का गेलं नाही?

एक कारण मला असं दिसतं की चेन्नईत उतू जाणं हा खासगी मामला नाही. त्या सकाळी फोन उचलला की पहिला प्रश्न ‘पाल पोंगिच्चा?’, दूध उतू गेलं का? शेजारी, कचेरीतला सहकारी, अमेरिकेतली लेक, सगळे तेच विचारतात. याला उत्तर द्यायचं तर उतू घालवायलाच हवं. शिवाय हा संस्कार वर्षभर तेवत असतो: चेन्नईत भाड्याचं घर घेतलं तरी सामान हलवण्याआधी गॅसवर दूध उकळवून उतू घालवायचं असतं. तिथे बदली होऊन गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. किल्ली हातात देताना घरमालकीणबाईंनी ‘पाल काच्चणुम’ म्हणून आधी मुहूर्ताची वेळ सांगितलेली असते, पाण्याची वेळ नंतर.

फ्लॅटमध्ये मात्र या विधीची परीक्षा होते. पूर्वेची गॅलरी असेल तर तिथे शेगडी. नसेल तर स्वयंपाकघरातल्या गॅसवर, खिडकीतून ऊन येईल त्या वेळी. गॅसच्या बर्नरमध्ये दूध जाऊन तो विझतो, म्हणून काही घरांत शेगडीखाली वर्तमानपत्र अंथरतात आणि काही घरांत वाटीएवढ्या पितळी भांड्यात नावापुरतं दूध उतू घालवून खरा पोंगल कुकरमध्ये लावतात. तीन शिट्ट्या. कुकरचं झाकण लागलं की फेस दिसत नाही, ओरडायचा क्षण चुकतो, म्हणून ती वाटी ठेवावीच लागते. मोठ्या संकुलांत तर खालच्या मोकळ्या जागेत विटा मांडून सामुदायिक पोंगल होतो, मजल्यागणिक एक मडकं. लाकडाच्या धुराची सवय कुणालाच राहिलेली नसते, सगळे डोळे चोळत फोटो काढतात. मला विचाराल तर गॅलरीतली शेगडी बरी. सांडलेलं ज्याचं त्याने पुसावं.

*

भटजी नसल्यामुळे या सणाला दारं पुष्कळ आहेत. विसाव्या शतकात द्रविड चळवळीने पुराणातल्या सणांवर कोरडे ओढले, पण पोंगलला हात लावला नाही. उलट त्याला ‘तमिळर तिरुनाळ’, तमिळांचा सण म्हणून उचलून धरलं. ज्याला देव नको त्यालाही सूर्य, नांगर आणि भात चालतात. भोगीशी इंद्राचं आणि माट्टु पोंगलशी शिवाच्या नंदीचं नाव जोडणाऱ्या कथा आहेतच, पण त्या न सांगताही सण पुरा होतो. चर्चच्या आवारात पोंगल शिजतो, महाविद्यालयांत आणि सरकारी कचेऱ्यांत ‘समत्तुव पोंगल’, समतेचा पोंगल, म्हणून सगळ्या धर्मांची माणसं एका मडक्याभोवती उभी राहतात. १६ जानेवारीच्या सुमाराला तिरुवळ्ळुवर दिन येतो. ज्या कवीच्या ग्रंथात शेतीवर एक अख्खा अध्याय आहे त्याची आठवण सुगीत काढायची, ही कल्पना चांगलीच आहे.

राजकारणाने मात्र सणाला वर्षाच्या सुरुवातीवरही बसवून पाहिलं. २००८ साली करुणानिधी सरकारने कायदा करून तमिळ नववर्ष चित्तिरै महिन्यातून तैच्या पहिल्या तारखेला आणलं. २०११ साली जयललिता सरकारने तो कायदा रद्द करून नववर्ष पुन्हा एप्रिलमध्ये नेलं. मधल्या काळात घराघरांत काय झालं? पोंगल पोंगलसारखा उतू गेला आणि एप्रिलमध्ये कडुलिंबाची फुलं घातलेली आंब्याची पच्चडी नेहमीसारखीच झाली. स्वयंपाकघराने दोन्ही कायदे ऐकून घेतले.

सरकारचा खरा शिरकाव रेशन दुकानातून आहे. शिधापत्रिकेवर पोंगलची भेट मिळते: एक किलो कच्चा तांदूळ, एक किलो साखर आणि एक अख्खा ऊस, कधी बरोबर रोख रक्कम. २०२१मध्ये अडीच हजार रुपये मिळाले, २०२४मध्ये हजार, २०२५मध्ये रोख नव्हतीच. २०२२मध्ये रोख रकमेऐवजी कापडी पिशवीतून २१ जिन्नस आले. लाभार्थी कुटुंबं दोन कोटींच्या वर आहेत. धोतर-साडी वाटपाची योजना तर एम.जी.आर. यांच्या काळातली, १९८३पासूनची. २०२३च्या पोंगलसाठी सरकारने सुरुवातीला यादीत ऊस ठेवला नव्हता. हा काळा ऊस फक्त या सणासाठी लावलेला असतो. आठवडा उलटला की त्याला विचारणारं कुणी नसतं. शेतकऱ्यांनी गलका केला आणि ऊस यादीत परत आला. आपल्याकडे २०२२च्या दिवाळीपासून शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला: रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. लाडवाची सोय झाली. पण त्यात शेतातून आलेलं, पानं असलेलं काहीच नव्हतं. तमिळनाडूचा शिधा पूजेचं साहित्य देतो आणि त्या निमित्ताने शेतकऱ्याचं एक अडून राहणारं पीक उचलतो. मतांचा हिशेब दोन्हीकडे आहेच. तरीही रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारो माणसांच्या हातात एकेक उभा ऊस, ही कल्पना ज्या कुणा अधिकाऱ्याला सुचली असेल तो पक्का घरंदाज माणूस असणार.

*

तिसऱ्या दिवसाबद्दल चेन्नईत फार लिहिण्यासारखं नाही. माट्टु पोंगल गुरांचा. शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात, पोंगलचा घास भरवतात. शिंगांचे रंग बघून मालकाचा पक्षही ओळखता येतो, द्रविड चळवळीचा काळा-लाल असला तर सांगायलाच नको. मैलापूर-तिरुवल्लिक्केणीच्या गल्ल्यांत गाईम्हशी अजून आहेत, पण बहुतेकांना गाय शोधत गोशाळेत जावं लागतं. आपल्या पोळ्याचंही शहरात मातीच्या बैलजोडीवरच भागतं.

त्याच सकाळी गच्चीवर मात्र वेगळंच चालू असतं. ‘कणु पिडि’ ही बायकांची गोष्ट. अंघोळीच्या आधी, दिवस उजाडताना, घरातल्या लेकी-सुना आणि सासवा गच्चीवर जातात. आदल्या दिवशी मडक्याला बांधलेली हळदीची पानं सोडून घेतलेली असतात. ती जमिनीवर अंथरून त्यांवर आदल्या दिवशीच्या भाताचे छोटे-छोटे घास ओळीने मांडायचे: कुंकू कालवून लाल, हळद कालवून पिवळे, दहीभाताचे पांढरे, सक्करै पोंगलचे तांबूस. बाजूला उसाचे तुकडे, केळं, विडा. आणि मग कावळ्यांना बोलवायचं. कावळा एकटा खात नाही, चार जणांना हाक मारतो. तसं माझ्या भावांचं गोकूळ एकत्र राहो, हे मागणं. थोरली बाई त्या ओल्या हळदीचा कंद घासून धाकटीच्या कपाळावर रेघ ओढते. मग अंघोळ, आणि दुपारी चिंचेचा, लिंबाचा, खोबऱ्याचा, दह्याचा असे चार-पाच प्रकारचे भात. भाऊ बहिणीला साडी किंवा पैसे पाठवतो. थोडक्यात ही त्यांची भाऊबीज. ओवाळायच्या ऐवजी कावळ्याला जेवू घालून केलेली.

मराठी बाईला हे पहिल्यांदा पाहताना गलबलतं. पानावर भाताचे घास आणि कावळ्याची वाट, हे चित्र आपल्याकडे एकाच प्रसंगी असतं, आणि तेव्हा भावाचं नाव घेत नाहीत.

*

चेन्नईतले मराठी लोक दोन जातकुळींचे. पहिले तंजावुरचे. व्यंकोजीराजे भोसल्यांनी १६७०च्या दशकात तिथे गादी स्थापली आणि १८५५ साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्यानंतर तिथली देशस्थ आणि मराठा घराणी नोकरी-शिक्षणासाठी हळूहळू मद्रासला आली. मराठी विद्यार्थ्यांना मदत करणारा महरट्टा एज्युकेशन फंड मद्रासमध्ये १९१२ साली निघाला. या घरांत बोलणं दक्षिणी मराठीत आणि लिहिणं बहुधा तमिळ किंवा इंग्रजीत. साडेतीनशे वर्षं कावेरीचं पाणी प्यायलेल्यांना पोंगल परका नाही. दुसरे अगदी आपल्या ओळखीचे: सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक. दुष्काळी माळावरची ही माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभर गेली, तशी मद्रासच्या सौकारपेटेतल्या बोळांतही पोचली. त्यांची सुगी अजून विट्याच्या माळावर आहे. पाऊस कधी झाला, बाजरी किती पोती झाली, हे फोनवर.

संक्रांतीच्या आठवड्यात या घरांची मजा होते. बाजरीची अडचण नाही. तमिळमध्ये ती ‘कंबु’, आणि तिची आंबील तर चेन्नईत हातगाडीवर मिळते. पावट्याच्या जागी मोच्चै हिरवीगार मिळते. बोरं ‘इलंदै’ म्हणून शाळेबाहेर असतात. ऊस तर दारातच उभा. सुगडं मिळत नाहीत, पण पोंगलच्या मडक्यांच्या ढिगात खेळण्याएवढी मडकी असतात, त्यांना दोरा गुंडाळला की झालं. अडतं ते ओल्या हरभऱ्याशी. आणि तिळाशी.

तीळ मिळतात मुबलक, ते कारण नव्हे. तमिळ ब्राह्मण घरांत संक्रमणाच्या दिवशी पितरांना तर्पण असतं, काळे तीळ आणि पाणी. तीळ शनीचेही. एळ्ळु उरुंडै नावाचे तिळाचे लाडू तिथे दुकानात मिळतात आणि लोक आवडीने खातात, पण सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या हातावर तीळ ठेवणं पुष्कळ जुन्या घरांना अवघड वाटतं. आपणही तर्पणाला काळे तीळ घेतोच. फक्त संक्रांतीला पांढरे घेऊन तो विषय तिथेच मिटवतो. म्हणजे गंमत अशी: आपल्याकडे कावळा गेलेल्यांचा आणि तीळ गोडव्याचे, त्यांच्याकडे कावळा भावांचा आणि तीळ गेलेल्यांचे. मधल्या जिन्यात दोन घरांच्या थाळ्या समोरासमोर येतात तेव्हा शेजारच्या मामी तिळगुळाकडे बघून क्षणभर थबकतात आणि वहिनी हळदीच्या पानावरच्या भाताकडे. दोघींचंही चुकत नाही.

यातून वाट काढणं कठीण नाही. तमिळनाडूत कोविलपट्टी नावाचं गाव आहे. तिथल्या शेंगदाण्याच्या चिक्कीला, ‘कडलै मिट्टाय’ला, २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेंगदाणा तिथल्या तांबड्या-काळ्या जमिनीतला, जोडीला गूळ, वर नावाला खोबऱ्याचे रंगीत किसलेले तंतू. शेंगदाण्याला ना शनी आडवा येतो ना पितर. शेजारी द्यायच्या डब्यात ती ठेवावी, घरच्यांसाठी तिळाच्या वड्या वेगळ्या कराव्यात, आणि त्यांच्याकडून आलेला सक्करै पोंगल गरम असतानाच खाऊन घ्यावा, कारण थंड झाला की तो दगडासारखा घट्ट होतो.